वाचकांचे प्रश्न : फुप्फुसावरचे व्रण आणि घरातली हवा

गेल्या अंकात धाप लागण्याच्या कारणांविषयी लिहिताना फुप्फुसाच्या फायब्रोसिसचा, म्हणजे फुप्फुसात व्रण धरत जाण्याच्या आजाराचा, एका परिच्छेदात उल्लेख केला होता. त्यावर मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. ती वाचताना एक गोष्ट मनाला लागली. कित्येकांजवळ दोन-दोन सीटी स्कॅनच्या फिल्म आहेत, औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. परंतु तुमच्या घरात काय आहे, तुम्ही दिवसभर कसली हवा ओढता, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. म्हणून या वेळी निवडक पत्रांना थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून शेती करतात. दीड वर्षापासून त्यांना कोरडा खोकला आहे आणि आता विहिरीवरून घरापर्यंत येतानाही धाप लागते. एक्स-रेमध्ये डाग दिसले म्हणून थुंकी न तपासताच सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या, पण उतार पडला नाही. आता एचआरसीटीच्या (फुप्फुसाच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनच्या) अहवालात ‘फायब्रोसिस’ लिहून आले आहे. हे डाग औषधाने जातील का? घरात लहान मुले आहेत, तेव्हा वडिलांची ताट-वाटी वेगळी ठेवावी का? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमच्या वडिलांच्या मनाचा प्रश्न आहे. फायब्रोसिस हा संसर्गजन्य आजार नाही. तो थुंकीतून, श्वासातून किंवा उष्ट्यातून पसरत नाही. थुंकीच्या तपासणीत क्षय नाही याची खात्री झाली, की त्यांचे ताट सर्वांबरोबर वाढावे आणि नातवंडांना त्यांच्या मांडीवर बसू द्यावे.

आता डागांविषयी. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोष असतात आणि त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की प्राणवायू सहज पलीकडच्या रक्तात उतरतो. या आजारात त्या भिंती जाड आणि ताठर होतात. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी कशीही दुमडता येते, तीच वाळली की कडक होऊन दुमडत नाही. फुप्फुसाचे काहीसे तसेच होते. त्यामुळे श्वास पूर्ण भरत नाही आणि चालू लागताच रक्तातला प्राणवायू घसरतो. भाजल्यानंतर कातडीवर राहिलेला व्रण जसा पुसला जात नाही, तसा हा पक्का झालेला व्रणही पुसला जात नाही, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र एक्स-रेत दिसणारा प्रत्येक डाग पक्का व्रण नसतो. काही भाग केवळ सुजलेला असतो, आणि कारण वेळीच सापडले तर ती सूज उतरू शकते. उपचारांची सगळी धडपड ही सूज उतरवण्यासाठी आणि पुढचा व्रण थांबवण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी असते.

क्षयाशी याची गल्लत आपल्याकडे फार होते. क्षयात बहुधा ताप, वजन घटणे, बेडक्याचा खोकला, कधी बेडक्यातून रक्त, अशी लक्षणे असतात; बरा झालेला क्षय जो व्रण मागे ठेवतो तो बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात, एका जागी असतो आणि सहसा पुढे सरकत नाही. वाढत जाणारा फायब्रोसिस, विशेषतः ज्याचे कारण सापडत नाही तो ‘आयपीएफ’ हा प्रकार, दोन्ही बाजूंना खालून सुरू होतो आणि सीटीवर तेथे मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसू लागते. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला तर रक्तदाबाच्या पट्ट्याची चिकटपट्टी हळूहळू उकलताना येतो तसा बारीक आवाज ऐकू येतो. ज्याने तो आवाज एकदा लक्ष देऊन ऐकला, तो क्षयाच्या गोळ्या लिहिण्याआधी थांबतो. तुम्ही घरी एक गोष्ट पाहू शकता : वडिलांना दोन्ही हातांची तर्जनी नखाला नख भिडवून धरायला सांगा. निरोगी माणसाच्या दोन नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची लहानशी फट दिसते. ही फट बुजलेली असेल आणि नखे पोपटाच्या चोचीसारखी बाकदार झालेली असतील, तर हे डॉक्टरांना अवश्य सांगा. इतर काही आजारांतही नखे अशी होतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निदान होत नाही.

पुढची पायरी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या उरोरोग विभागात जाणे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर यांपैकी जे सोयीचे असेल तेथे जा. सोबत सीटीचा केवळ अहवाल नको, मूळ फिल्म किंवा सीडी न्या. फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, प्राणवायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी डीएलसीओ, सहा मिनिटे चालण्याची चाचणी आणि संधिवाताच्या गटातील आजारांच्या रक्ततपासण्या एवढे झाले, की चित्र बरेच स्पष्ट होते. हातापायांचे सांधे सकाळी आखडत असतील, थंडीत बोटे पांढरी-निळी पडत असतील, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन किंवा लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन दीर्घकाळ घेतले असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. यांपैकी प्रत्येक गोष्ट फुप्फुसात व्रण धरण्यास कारण होऊ शकते.

प्रश्न : मी ४९ वर्षांची गृहिणी आहे. तीन वर्षांपासून खोकला व दम आहे, पंप घेऊनही फरक नाही. नवल असे, की माहेरी वैजापूर तालुक्यात आठ-पंधरा दिवस राहिले की खोकला निम्म्याने कमी होतो आणि परत आले की दोन दिवसांत पुन्हा सुरू होतो. घरातले म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे, माहेरची ओढ आहे. मला खरेच मनाचा आजार असेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले हे एक वाक्य मला आलेल्या कित्येक अहवालांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. घर सोडले की बरे आणि घरी आले की त्रास, याचा पहिला अर्थ वैद्यकात असा घ्यायचा असतो, की त्या घराच्या हवेत असे काहीतरी आहे जे या बाईच्या फुप्फुसाला सोसत नाही. हा मनाचा आजार नाही, आणि हे पत्र तुम्ही घरातल्या सर्वांसमोर वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. बुरशी, काही जीवाणू किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिने यांचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिले, की काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चिडते. आधी सूज येते, आणि कारण दूर झाले नाही तर सुजेचे व्रण होतात. एकाच छताखाली राहणाऱ्या पाच जणांपैकी एकालाच हा त्रास होतो, म्हणूनच त्या एकावर कोणी विश्वास ठेवत नाही. भारतातील अशा फुप्फुसविकारांची एक मोठी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक हजाराहून अधिक रुग्ण होते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार निघाला. पाश्चात्त्य देशांच्या पुस्तकांत आयपीएफला पहिले स्थान असते. आपल्याकडचे चित्र असे वेगळे निघाले, आणि त्यात पाण्यावर चालणाऱ्या कूलरशी आलेला संपर्क ठळकपणे पुढे आला.

कूलरविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मराठवाड्यात मार्च ते जून तो घराघरांत चालतो. तुमच्या कूलरची बाजूची जाळी काढून आतले गवत हातात घ्या. नवे असताना ते पिवळसर, कोरडे आणि लाकडाच्या वासाचे असते. एक उन्हाळा झालेल्या गवतावर हिरवट-काळा बुळबुळीत थर, कडेला पांढरा क्षार आणि नाकाला झोंबणारा कुबट वास येतो. टाकीच्या तळाशी गाळ असतो. पंखा त्याच गवतातून हवा ओढून रात्रभर तुमच्या तोंडावर सोडतो. यात निष्काळजीपणाचा दोष मी कोणाला देणार नाही. जेथे नळाला काही दिवसांनी एकदा पाणी येते, जेथे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या माणसाला टाकीतले पाणी रोज ओतून द्या म्हणणे सोपे आणि करणे अवघड. त्यामुळे जुन्या पाण्यातच नवे पाणी ओतत आपण पाऊस येईपर्यंत दिवस काढतो.

ज्यांना आजार नाही त्यांनी गवत दरवर्षी नवे घालावे, टाकी आठवड्याला रिकामी करून घासावी व वाळवावी, आणि ते पाणी झाडांना घालावे. तुम्हाला मात्र स्वच्छ कूलरही नको. तो घरातूनच काढावा, शेजारच्या खोलीतही चालवू नये. छतावर चुन्याचा हात मारणे, दुपारी पश्चिमेच्या खिडक्या झाकणे आणि पंखा, यांवर उन्हाळा निभावावा लागेल. ते सुखाचे नाही, हे मी जाणतो.

दुसरा संशय कबुतरांचा. गॅलरीत, डक्टमध्ये, एसीच्या बाहेरच्या भागावर कबुतरांचे घरटे आहे का ते पाहा. गच्चीवर कोणी दाणे टाकत असेल तर ते थांबवायला सांगा. वाळलेली विष्ठा स्वतः झाडू नका. तुम्ही घरात नसताना दुसऱ्या कोणी तोंडाला चांगला मास्क लावून, आधी पाणी शिंपडून ती काढावी. पिसांची उशी, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, न वाळवता पेटीत ठेवलेल्या गोधड्या हेही तपासा. खेड्यातल्या वाचकांसाठी सांगतो, की पावसात भिजून बुरशी धरलेला कडबा, सोयाबीनचे कुजके भूस आणि साखर कारखान्याच्या आवारात साठवलेले बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, यांपासूनही हाच आजार होतो. अशा कामानंतर चार ते आठ तासांनी कणकण, कोरडा खोकला आणि छातीत जडपणा आला, तर त्याला ‘अंगावर काम पडले’ म्हणून सोडून देऊ नका.

तपासणी व औषधे लागतीलच. या आजारात सुजेसाठी काही काळ स्टेरॉइड द्यावे लागते आणि त्याचा उपयोगही होतो. पण कारण घरात तसेच ठेवून घेतलेले स्टेरॉइड म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे. जाताना डॉक्टरांना माहेरची ती हकीकत तारखांसह सांगा.

प्रश्न : मोठ्या भावाला आयपीएफचे निदान झाले असून पिरफेनिडोन चालू आहे. मळमळ होते, आणि रानात गेल्यावर मान व हात भाजल्यासारखे लाल होतात. औषध महाग असल्याने एक दिवसाआड घेतले तर चालेल का? गावातले एक जण स्टेरॉइडच्या गोळीने बरे वाटते असे सांगतात. (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : एक दिवसाआड घेतल्याने खर्च निम्मा होईल, पण फायदा निम्माही मिळेल याची खात्री नाही. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांनी फुप्फुसाची क्षमता घटण्याचा वेग कमी होतो, साधारण निम्म्यावर येतो असे मोठ्या चाचण्यांत दिसले. घेणाऱ्याला त्यातून ‘बरे वाटत’ नाही, कारण जे घडायचे टळले ते जाणवत नसते. म्हणूनच लोक ते मध्येच सोडतात. खर्चाचा प्रश्न खरा आहे. दोन्ही औषधे आपल्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची मिळतात आणि किमतींत पुष्कळ फरक असतो, तेव्हा डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

मळमळ कमी होण्यासाठी गोळी भरल्या पोटी, शक्यतो जेवणाच्या मध्येच घ्यावी. मात्रा हळूहळू वाढवतात, ती आपल्या मनाने एकदम वाढवू नये. कातडी लाल होणे हा याच औषधाचा उन्हाशी संबंधित परिणाम आहे. भाऊंनी रानातली कामे सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलल्यावर करावीत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, डोक्याचा रुमाल मानेवर येईल असा बांधावा आणि उघड्या भागावर उन्हापासून रक्षण करणारे मलम लावावे. एवढे करूनही चट्टे उठले तर डॉक्टर औषध बदलू शकतात; निंटेडॅनिबला उन्हाचा त्रास नसतो, मात्र जुलाब होतात. दोन्हींत यकृताची रक्ततपासणी ठरलेल्या वेळी करावीच लागते. विडी-सिगारेट चालू असेल तर पिरफेनिडोनचे रक्तातले प्रमाणही घटते, हे आणखी एक कारण ती आजच सोडण्याचे.

स्टेरॉइडबद्दल मी कळकळीने सांगतो. वरच्या ताईंच्या आजारात जे औषध उपयोगी पडते, तेच आयपीएफमध्ये रोज घेतल्यास घातक ठरू शकते. अमेरिकेतील एका चाचणीत आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड आणि त्यासोबत अझाथायोप्रिन व एन-अॅसिटिलसिस्टिन ही औषधे एकत्र दिली होती. या गटात मृत्यू अधिक होऊ लागल्याने ते उपचार मध्येच थांबवावे लागले. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. गोळीने भूक लागते, चार दिवस हुशारी वाटते, म्हणून ती लोकप्रिय आहे. भाऊंनी ती आधीच काही आठवडे घेतली असेल तर मात्र एकाएकी बंद करू नये, डॉक्टरांना दाखवून कमी करावी.

प्रश्न : मी बारा वर्षे दगड फोडण्याच्या खडी केंद्रावर काम केले. आता फुप्फुसात सिलिका असल्याचे सांगतात. काम बदलले तर ती निघून जाईल का? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : सिलिका म्हणजे दगडाची बारीक धूळ, आणि तिच्यामुळे फुप्फुसात व्रण धरण्याच्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. आत गेलेली धूळ निघत नाही, आणि सिलिकोसिस काम सोडल्यावरही काही जणांत वाढतो. तरीही ते काम सोडणे आवश्यक आहे, कारण रोजची नवी भर तरी थांबते. सिलिकोसिस असणाऱ्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ताप किंवा वजन घटणे दिसताच थुंकी तपासून घ्या. हा आजार कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. कामाचे स्वरूप आणि वर्षे केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुकसानभरपाईचा विषय निघाला तर तोच कागद कामी येतो.

प्रश्न : आईला घरी ऑक्सिजन लावायला सांगितले आहे. शेजारी म्हणतात, एकदा लावला की सवय लागते आणि सुटत नाही. शिवाय आमच्या गावात रोज भारनियमन असते. काय करावे? (एक वाचक, केज तालुका, जि. बीड)

उत्तर : ऑक्सिजनची सवय लागत नाही. तहानलेल्याला पाण्याची जशी गरज असते, तशी ती गरज आहे. बसल्या जागी रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या, बोटावर लावायच्या यंत्रात आकडा ८८ टक्के किंवा त्याहून खाली राहत असेल तर ऑक्सिजन लावण्यात टाळाटाळ करू नये, कारण कमतरतेचा ताण हृदयाच्या उजव्या बाजूवर पडून पाय सुजू लागतात. काहींचा आकडा बसून चांगला असतो आणि न्हाणीघरापर्यंत गेले की कोसळतो. म्हणून चालल्यानंतरचाही आकडा वहीत लिहा. बोट गार असेल किंवा नखावर मेंदी असेल तर यंत्र चुकते, अशा वेळी दुसरे बोट घ्यावे.

कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र खोलीच्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन पुढे पाठवते, ते विजेवर चालते आणि त्याला सिलिंडरसारखे भरावे लागत नाही. परंतु वीज गेली की ते बंद पडते, आणि घरातला लहान इन्व्हर्टर त्याला फार वेळ पेलत नाही. त्यामुळे एक भरलेला सिलिंडर व त्याची चावी खाटेजवळ ठेवावी आणि तो जोडायला घरातल्या किमान दोघांना शिकवावे. मध्यरात्री वीज गेल्यावर चावी शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आणखी एक इशारा. ऑक्सिजन चालू असताना चूल, विडी, देवघरातली समई आणि उदबत्ती किमान १० फूट लांब असावी. नाक कोरडे पडते म्हणून नळीच्या टोकाला तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्याने भाजण्याचा धोका असतो. आई अजून तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीसमोर बसत असतील तर त्यांना तेथून उठवा. हे म्हणणे त्यांना जड जाईल, कारण चूल सोडणे म्हणजे घरातली आपली जागा सोडणे असे त्या पिढीला वाटते. भाजी निवडणे, ताटे वाढणे अशी बसून होणारी कामे त्यांच्याकडेच राहू द्या.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, आयपीएफचे रुग्ण आहेत. चालताना ऑक्सिजन लागतो. नवरात्रात तुळजापूरला नेण्याचा हट्ट धरला आहे. त्यांना न्यावे का? आणि किती दिवस आहेत, हे विचारण्याचे धाडस आम्हाला झालेले नाही. (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : औषधे निघण्यापूर्वीच्या काळातील रुग्णांत निदानानंतरचे सरासरी आयुष्य तीन ते पाच वर्षे दिसत असे. हा आकडा सर्वांना एकसारखा लागू होत नाही; कोणाचा आजार वर्षानुवर्षे एका जागी थांबतो, कोणाचा एखाद्या संसर्गानंतर आठवड्यात बिघडतो. त्या बिघाडाची लक्षणे, म्हणजे दोन-चार दिवसांत वाढलेली धाप, ताप आणि उतरलेला आकडा, घरातल्या सर्वांना ठाऊक असावीत. तेव्हा घरी वाट पाहू नये. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. फुप्फुस प्रत्यारोपण राज्यात होते, पण ७१ व्या वर्षी ते बहुधा शक्य नसते, हेही सांगतो. वडिलांना स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारा. पुष्कळदा रुग्णाला सगळे कळलेले असते आणि तोच घरच्यांना जपत असतो. पुढे धाप व खोकला असह्य झाला तर त्यासाठीही औषधे आहेत, अल्प मात्रेतील मॉर्फिनसुद्धा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. तेव्हा ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

तुळजापूरला न्या, पण नवरात्रात नको. ती गर्दी, धूर आणि सर्दी-खोकल्याची माणसे त्यांना सोसणार नाहीत. दिवाळीनंतर, एखाद्या साध्या वारी, सकाळी लवकर निघा. भवानीच्या देवळात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे दर्शनाने थकलेल्या माणसाला परतताना त्याच चढाव्या लागतात. यासाठी महिनाभर आधी रोज घरात दहा-दहा मिनिटे ऑक्सिजन लावून चालण्याचा सराव करवा. चढताना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, दोन पायऱ्यांनंतर थांबायचे, आणि दम लागला की गुडघ्यांवर हात टेकून थोडे पुढे वाकून उभे राहायचे, हे शिकवा. बोटावरचे यंत्र खिशात असू द्या, सिलिंडर दोन नेण्याची तयारी ठेवा, उचलून आणायला दोन तरणी माणसे सोबत असू द्या. आणि निघण्याआधी एकदा घरच्या किंवा शेजारच्या जिन्यावर त्यांना चढवून किती थांबे लागतात आणि आकडा कुठवर उतरतो ते मोजा. तो ८८ च्या खाली जात असेल तर ऑक्सिजनची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.